व्याख्यानाला निघालेला डॉक्टर आणि उपचारावाचून ठेवलेली माणसे



आपल्या वस्त्यांमधून, आपल्या वसतिगृहांमधून शिकलेली पुष्कळ मुले-मुली आज डॉक्टर आहेत. त्यांना 'सीएमई' हा शब्द नवा नाही. डॉक्टरने पदवी घेतली म्हणजे शिक्षण संपले असे नाही. नवी औषधे, नव्या शस्त्रक्रिया, नवे संशोधन यांची माहिती घेत राहावी लागते. म्हणून आपल्या देशात दर पाच वर्षांत ३० तास अशा शिक्षणाची अपेक्षा ठेवलेली आहे. एखाद्या मोठ्या रुग्णालयाचे सभागृह, पडद्यावर स्लाइड, मध्ये चहा, शेवटी प्रमाणपत्र. रविवारची सकाळ तिथे घालवणाऱ्या आपल्या डॉक्टरांना वाटेल, यात इतिहास कसला आला?

इतिहास आहे. त्या सभागृहात कोणाला बसता येत होते आणि तिथले ज्ञान कोणाच्या अंगाला लागत होते, हा त्या इतिहासाचा गाभा. हा इतिहास अमेरिकेतला आहे, पण तो वाचताना आपल्याला आपलेच गाव दिसेल.

१ एप्रिल १९५०

त्या दिवशी सकाळी उत्तर कॅरोलिना राज्यातल्या एका रस्त्यावर एक मोटार उलटली. गाडीत वॉशिंग्टनहून निघालेले चार कृष्णवर्णीय डॉक्टर होते. रात्रभर आळीपाळीने गाडी चालवत ते अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला चालले होते. गाडी चालवणारे डॉ. चार्ल्स ड्रू त्या अपघातात गेले. वय ४५.

ड्रू हे लहान नाव नव्हते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांखाली असलेल्या ब्रिटनला अमेरिकेतून रक्तद्रव पाठवण्याची व्यवस्था १९४० मध्ये त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. रक्तपेढीचे शास्त्र त्यांनी घडवले. आणि त्याच देशाच्या रेड क्रॉसने आधी काळ्या माणसाचे रक्त घेण्यासच नकार दिला. १९४२ पासून घेतले, पण वेगळ्या बाटलीत, वेगळी खूण करून ठेवले. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना नाकारले गेले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिकडे पाण्याच्या जागी रक्त होते, एवढाच फरक. अशा वेगळेपणाला शास्त्राचा काडीचाही आधार नाही, हे ड्रू जाहीरपणे सांगत राहिले.

त्यांच्या मृत्यूबद्दल एक कथा जगभर सांगितली जाते: अपघातानंतर गोऱ्यांच्या इस्पितळाने त्यांना काळे म्हणून आत घेतले नाही, आणि रक्तपेढीचा जनक रक्तावाचून मेला. कथा मनाला भिडणारी आहे, पण ती खरी नाही. जवळच्या इस्पितळात गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला, जखमाच जीवघेण्या होत्या. त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले आहे.

मी हे मुद्दाम लिहितो आहे. आपल्या चळवळीतही टाळ्या मिळवणारी पण न तपासलेली वाक्ये फार फिरतात. अन्याय सिद्ध करायला खोट्या कथेची गरज नसते. दक्षिणेत इतर अनेक काळ्या रुग्णांना इस्पितळाच्या दारातून परत पाठवले गेले, म्हणून तर ती कथा लोकांना खरी वाटली. पण ड्रूंच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे. चार डॉक्टर रात्र जागून एवढ्या लांब टस्कीगीला का चालले होते?

उत्तर सरळ आहे. तिथल्या जॉन ए. अँड्र्यू स्मारक रुग्णालयात दरवर्षी एप्रिलमध्ये काळ्या डॉक्टरांसाठी व्याख्याने आणि शिबिर भरत असे. ड्रू तिथे शिकवायला जात होते.

दार कोणी बंद केले?

अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची देशव्यापी संघटना १८४७ साली स्थापन झाली. १८७० मध्ये वॉशिंग्टनला तिचे अधिवेशन भरले. तिथे काळे आणि गोरे डॉक्टर एकत्र असलेल्या एका वैद्यकीय संस्थेचे प्रतिनिधी आले. त्यांना बसू दिले नाही. कारण 'वर्ण' असे लिहिले गेले नाही, नियम आणि शिस्त अशी कारणे पुढे केली गेली. पुढे सदस्यत्वाचा निर्णय स्थानिक संघटनांच्या हाती ठेवण्यात आला. जिल्ह्याची संघटना घेईल तोच राष्ट्रीय संघटनेचा सदस्य. दक्षिणेतल्या स्थानिक संघटना काळ्या डॉक्टरला घेत नसत, आणि वरची संघटना म्हणे, आमचा काही भेदभाव नाही, हा त्यांचा स्थानिक प्रश्न आहे.

ओळखीचे वाटते ना? कायद्यात बंदी नाही, पण गावकी ठरवेल. वरचे हात स्वच्छ, खालचे दार बंद.

सदस्यत्व नसले तर काय बिघडले, असे कोणी विचारेल. पुष्कळ बिघडते. स्थानिक संघटनेच्या सभांमध्येच नव्या उपचारांवर व्याख्याने होत. अनेक इस्पितळे फक्त सदस्य डॉक्टरलाच आपल्याकडे रुग्ण ठेवण्याची, शस्त्रक्रिया करण्याची परवानगी देत. म्हणजे काळा डॉक्टर पदवी घेऊन गावात आला, तरी स्वतःच्या रुग्णाला इस्पितळात नेताना त्याला तो गोऱ्या डॉक्टरच्या हवाली करावा लागे. पदवीच्या दिवशी जेवढे येत होते तेवढ्यावर आयुष्य काढायचे. मग दहा वर्षांनी हेच लोक म्हणणार, बघा, काळा डॉक्टर मागासलेला आहे. आधी शिकू द्यायचे नाही आणि मग अडाणी म्हणून हिणवायचे, ही युक्ती आपण शतकानुशतके भोगली आहे. तिचेच आजचे नाव 'मेरिट'.

१९१० साली वैद्यकीय शिक्षणावर अब्राहम फ्लेक्सनर यांचा प्रसिद्ध अहवाल आला. तेव्हा काळ्यांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. त्यांपैकी हॉवर्ड आणि मेहारी ही दोनच चालू ठेवण्यालायक आहेत, असे अहवालाने म्हटले. बाकीची काही वर्षांतच बंद पडली. काळा डॉक्टर हवा कशाला, तर काळ्यांमधला रोग गोऱ्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून, असाही सूर त्या अहवालात आहे. दर्जा सुधारण्याच्या नावाखाली आधीच अरुंद असलेले दार आणखी अरुंद झाले.

पुढे दार थोडे किलकिले झाले तेही कसे, पाहा. १९५० च्या दशकात उत्तर कॅरोलिनाच्या राज्य वैद्यकीय संघटनेने काळ्या डॉक्टरांना 'वैज्ञानिक सदस्यत्व' देऊ केले. अर्थ असा की व्याख्यानाला या, ऐका, पण आमच्या मेजवान्यांना आणि सामाजिक समारंभांना येऊ नका. ज्ञान घ्या, पंगतीला बसू नका. सहभोजनाचा प्रश्न फक्त आपल्याकडचाच होता, असे कोणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण द्या.

आपले सभागृह आपण बांधू

काळे डॉक्टर रडत बसले नाहीत. १८९५ साली अटलांटा येथे त्यांनी नॅशनल मेडिकल असोसिएशन ही स्वतःची संघटना काढली. १९०९ पासून स्वतःचे नियतकालिक चालवले. आणि शिक्षणाची सर्वांत मोठी जागा उभी राहिली टस्कीगीला.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या टस्कीगी संस्थेत १९०२ साली डॉ. जॉन केनी रुजू झाले. तिथे नवे रुग्णालय उभे राहिले, त्याला जॉन ए. अँड्र्यू यांचे नाव मिळाले. बाबासाहेब ज्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्याच १९१३ साली हे रुग्णालय समारंभाने लोकांच्या सेवेत आले. केनींनी १९१२ पासूनच वार्षिक शिबिरे सुरू केली होती. १९१८ मध्ये त्यांना जॉन ए. अँड्र्यू क्लिनिकल सोसायटी असे कायमचे रूप दिले.

रचना साधी होती. देशभरातून नामवंत तज्ज्ञ येत, त्यांत काळेही असत आणि गोरेही. सकाळ-संध्याकाळ व्याख्याने. आसपासच्या खेड्यांतून गरीब माणसे येत, त्यांची तपासणी आणि शस्त्रक्रिया फुकट होई, आणि लांबून आलेले डॉक्टर ते बघत, करत, शिकत. जिल्ह्याच्या संघटनेने ज्याला दारात उभे केले नाही, तो डॉक्टर इथे पहिल्या रांगेत बसे. १९४१ मध्ये याच परिसरात काळ्या मुलांसाठी पोलिओ उपचार केंद्र निघाले, कारण पोलिओच्या सर्वांत प्रसिद्ध केंद्रात त्यांना जागा नव्हती.

हे सहज मिळाले नाही. १९२३ साली टस्कीगीलाच काळ्या माजी सैनिकांसाठी सरकारी रुग्णालय उघडले. रुग्ण काळे, पण डॉक्टर गोरे हवेत, असा गोऱ्यांचा हट्ट होता. काळे डॉक्टर नेमा अशी मागणी होताच कू क्लक्स क्लॅनने टस्कीगीत मोर्चा काढला. केनींना जिवाच्या धमक्या आल्या आणि त्यांना गाव सोडावे लागले. पण मागणी मागे घेतली गेली नाही. १९२४ मध्ये डॉ. जोसेफ वॉर्ड हे त्या रुग्णालयाचे पहिले काळे प्रमुख झाले.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. शिका आणि संघटित व्हा, ही दोन्ही कामे या माणसांनी केली. माझा लेख इथे संपला असता तर आपल्याला आवडला असता. पण गोष्ट इथे संपत नाही.

त्याच छताखाली

१९३२ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेने टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे तिथे एक अभ्यास सुरू केला. सिफिलिस, म्हणजे गरमीचा रोग, उपचार न करता सोडला तर काळ्या पुरुषाच्या शरीराचे काय होते, हे बघायचे होते. सुमारे ६०० गरीब काळे पुरुष, बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे. त्यांपैकी ३९९ जणांना हा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. तुमचे 'रक्त खराब' आहे, एवढेच सांगितले. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढले ते तपासणीसाठी, पण पत्रात लिहिले की हा खास फुकट उपचार आहे. अंत्यविधीच्या खर्चाचे आमिष दाखवले, कारण मेल्यावर शवविच्छेदन करायचे होते.

हे कुठे चालले? तपासण्या आणि शवविच्छेदने त्याच जॉन ए. अँड्र्यू रुग्णालयात. संमती कोणाची? संस्थेचे काळे प्रमुख रॉबर्ट मोटन यांची आणि रुग्णालयाचे काळे वैद्यकीय संचालक यूजीन डिबल यांची. माणसांना गोळा करणारी, त्यांचा विश्वास जपणारी परिचारिका युनिस रिव्हर्स, तीही काळी आणि टस्कीगीलाच शिकलेली.

डिबल यांनी मोटन यांना मंजुरीसाठी लिहिताना कोणता फायदा पुढे केला, हे प्रत्येक शिकलेल्या कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. या अभ्यासामुळे रुग्णालयाचा मान वाढेल आणि आपल्या शिकाऊ डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिक्षणाची संधी मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांना शतकभर शिक्षणाचे दार बंद होते, त्यांना आमिष शिक्षणाचेच दाखवले गेले. आणि किंमत मोजली निरक्षर शेतमजुरांनी.

डिबल खलनायक होते असे म्हणून मोकळे होऊ नका. ते हुशार, मेहनती, समाजाचे काम करणारे डॉक्टर होते. संस्था गरीब होती, सरकारच्या आणि दानशूर गोऱ्यांच्या पैशावर चालत होती. नाही म्हटले तर उद्याचे अनुदान जाईल, ही भीती खरी होती. नेमकी म्हणूनच ही गोष्ट भयंकर आहे. वाईट माणसाची गोष्ट असती तर आपण निश्चिंत झोपलो असतो.

१९४३ मध्ये पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे दिसले. १९४७ पर्यंत ते सर्वमान्य औषध झाले. म्हणजे १ एप्रिल १९५० ला ड्रूंची गाडी ज्या रुग्णालयाकडे चालली होती, तिथे डॉक्टरांना नवे औषधशास्त्र शिकवले जात होते आणि त्याच रुग्णालयाच्या मदतीने शेकडो माणसांना सर्वमान्य औषधापासून लांब ठेवले जात होते. ज्ञान पोहोचले होते. व्याख्यानांची कमतरता नव्हती. स्थानिक डॉक्टरांना नावांच्या याद्या दिल्या होत्या की या माणसांवर उपचार करू नका, ती आमच्याकडे पाठवा.

हे गुपितही नव्हते. १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत यावर निबंध छापून येत होते. हजारो डॉक्टरांनी ते वाचले असतील. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या आयर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरने संशोधकांना निषेधाचे पत्र लिहिले. त्याला उत्तर दिले गेले नाही. आणि १९६९ मध्ये, नागरी हक्कांचे कायदे होऊन गेल्यावर, हा अभ्यास पुढे चालू ठेवायला स्थानिक वैद्यकीय संघटनांनी पाठिंबा दिला. त्यांत १८९५ साली बहिष्कृत डॉक्टरांनी काढलेल्या त्या नॅशनल मेडिकल असोसिएशनची स्थानिक शाखाही होती.

शेवटी हे थांबवले कोणी? पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्या तरुण कर्मचाऱ्याने. तो डॉक्टर नव्हता. गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेणे हे त्याचे काम. १९६६ पासून तो वरिष्ठांना लिहीत राहिला, कोणी ऐकले नाही, तेव्हा त्याने कागद पत्रकारांकडे दिले. २५ जुलै १९७२ ला जीन हेलर यांची बातमी आली आणि ४० वर्षांचा अभ्यास काही महिन्यांत बंद पडला. त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, हा योगायोग आपण विसरू नये. पुढे वाचलेल्या लोकांच्या वतीने फ्रेड ग्रे या काळ्या वकिलाने खटला लढवला. १९७४ मध्ये एक कोटी डॉलरची तडजोड झाली. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. काळ्या डॉक्टरांना बाहेर ठेवल्याबद्दल अमेरिकन मेडिकल असोसिएशनने माफी मागितली ती २००८ साली.

तिसरा शब्द

बंद दारेही व्याख्यानांनी उघडली नाहीत. जून १९६३ मध्ये डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनाबाहेर फलक घेऊन निदर्शने केली. त्याच वर्षी ग्रीन्सबरोचे काळे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी, सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळाने वर्णभेद करू नये, हा खटला जिंकला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. यातला तिसरा शब्द जिथे उच्चारला गेला तिथे दार उघडले. टस्कीगीच्या रुग्णालयात पहिले दोन होते. त्या ४० वर्षांत त्या ६०० माणसांसाठी तिसरा शब्द कोणी उच्चारला नाही, म्हणून शिकलेली, संघटित माणसेच आपल्या माणसांविरुद्ध वापरली गेली.

आता आपल्याकडे बघा. दिल्लीच्या एम्समधील भेदभावाची चौकशी करायला २००६ मध्ये सुखदेव थोरात समिती नेमली गेली. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांकडे शिक्षकांचे दुर्लक्ष, वसतिगृहात आणि जेवणात वेगळेपणा, हे तिने नोंदवले. देशातले सर्वांत मोठे संशोधन रुग्णालय, आणि पंगत अजून वेगळीच. दार बंद ठेवण्याची ही आपली बाजू.

दुसरी बाजू खम्मम. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला हजारो मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. लस उपयोगी आहे, तिच्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात दाखवले की अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. गरिबाच्या लेकराची संमती दुसऱ्याच कोणी द्यावी, हा टस्कीगीचाच धडा आहे. त्या वॉर्डनमध्ये, त्या शिक्षकांमध्ये आपली माणसे नसतीलच, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का?

बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. त्यांना तो लढा आपला वाटत होता. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी आग्र्याला शिकलेल्या वर्गाबद्दल त्यांनी जी वेदना बोलून दाखवली, ती टस्कीगीच्या सभागृहालाही तितकीच लागू आहे.

म्हणून आपल्या डॉक्टर भावा-बहिणींना माझी विनंती आहे. सीएमईला जरूर जा, पहिल्या रांगेत बसा, कोणी मागे बसवले तर तिथेच विचारा. पण व्याख्यानात एखाद्या संशोधनाची स्लाइड आली आणि त्यावर रुग्णांचा आकडा दिसला, की हात वर करून तीन प्रश्न विचारा. ही माणसे कोणत्या वस्तीतली होती? त्यांना त्यांच्या भाषेत काय सांगितले होते? आणि जे औषध यातून सापडले, ते त्यांना मिळाले का?

सभागृहात शांतता पसरेल. पसरू द्या. मेकन परगण्यात ४० वर्षे हा हात वर झाला नव्हता.

जय भीम!